पन्नाशीत बँक सोडून पीएच.डी.: बेळगावातलं एक प्रकरण

नोकरीची पंचवीस-सव्वीस वर्षं झाल्यावर पीएच.डी. करावी का, असं विचारायला माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी येतं. कॉलेजात इतिहास शिकवत होतो तेव्हाही येत, निवृत्तीनंतर जास्तच येतात. कुणी खानापूरचे हायस्कूलचे सर असतात, कुणी निपाणीच्या तंबाखू व्यवहारातून बाहेर पडलेले गृहस्थ, कुणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले इंजिनिअर. त्यांच्यापैकी एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो, कारण त्यात निर्णयाचे कस लागणारे टप्पे स्पष्ट दिसतात. संबंधित बाईंनी हा मजकूर वाचून परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेलं नाही. शाखेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, इथेही तसंच म्हणतो.

पार्श्वभूमी

मॅडम जून १९९७ मध्ये एका सरकारी बँकेत ऑफिसर म्हणून लागल्या, तेविसाव्या वर्षी. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावातल्या वडगावचं. सासरी दोन पिढ्या मागावर बसणाऱ्या. यजमानांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क करायचं. ऑर्डर असली तर रात्रपाळी, नसली तर मशीनवर कापड. घराचा हप्ता, मुलाची इंजिनिअरिंगची फी आणि सासूबाईंची औषधं हे सगळं मॅडमच्या पगारावर चाले.

बी.कॉम. झाल्यावर नोकरी करत करत त्यांनी बहिःस्थ पद्धतीने इतिहासात एम.ए. केलं होतं, ५७ टक्क्यांनी. तेव्हा ते हौसेनं केलेलं. पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात हे कळलं आणि त्या दोन टक्क्यांचं मोल समजलं.

संशोधनाचं बीज बँकेतच पडलं. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतल्या विणकरांची कर्जप्रकरणं बरीच वर्षं त्यांच्या टेबलावरून जात होती. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, हप्ते थकले, आणि थकबाकीसाठी घरोघर जाताना एका घरी त्यांना जुन्या सावकारी वह्या दिसल्या. लाल कापडात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या रोजमेळ (रोजचा जमाखर्च) आणि खतावण्या (खातेवह्या). घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, नाहीतर विषयाचं वजन कळणार नाही. बेळगाव ब्रिटिश अंमलाखाली होतं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ही अवस्था होती. म्हणजे दोन बाजारपेठा चालत जाण्याच्या अंतरावर, पण कोर्टं वेगळी, कायदे वेगळे. ब्रिटिश बाजूला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला त्याखालच्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक निघाली. अशा वेळी शहापूरच्या विणकराला सूत आणि पैसा कोण देत होतं, कोणत्या दराने, आणि कर्ज एका हद्दीत नि तारण दुसऱ्या हद्दीत असलं तर वसुली कशी होत होती? सीमेवरच्या माणसालाच सुचावा असा हा प्रश्न आहे, आणि त्यावर काम व्हायला हवं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

अडचण

२०२२ च्या पावसाळ्यात मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये राजीनाम्याचं पत्र तयार होतं. बदलीची यादी लागणार होती, कलबुर्गी किंवा त्याहून लांब जावं लागेल अशी चर्चा होती. “सर, आता नाही सोडलं तर कधीच होणार नाही,” असं त्या म्हणाल्या.

इच्छा पक्की होती, पण बाकीचं काहीच ठरलेलं नव्हतं. मोडी येत नव्हती. मार्गदर्शक नव्हता. कोणतं विद्यापीठ, प्रबंध कोणत्या भाषेत, हेही ठरलं नव्हतं. फेलोशिप मिळेल अशी त्यांची कल्पना होती. ती लगेच दूर करावी लागली: जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, वयाची अट ३० वर्षांची आहे, आणि महाराष्ट्रातल्या राज्य पातळीवरच्या फेलोशिपसाठी तिथलं अधिवास प्रमाणपत्र लागतं. म्हणजे सगळा भार घरच्या पैशावर.

पत्र देऊ नका असं मी म्हणालो, पण त्यांना थांबवलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या एका युनियनवाल्या सहकाऱ्याने. बँकांच्या १९९५ च्या पेन्शन नियमांत राजीनामा दिला की आधीची सेवा पेन्शनसाठी बाद होते. तेच २० वर्षांची पात्र सेवा झालेल्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पेन्शन मिळते. दोन्हींत माणूस नोकरी सोडूनच जातो, पण एका मार्गाने आयुष्यभराची पेन्शन जाते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचा कागद तपासला नव्हता, कारण मन पुढे गेलं होतं. हे फार जणांचं होतं. नोकरी सोडायची म्हटलं की माणूस भावनेच्या भरात असतो आणि सेवापुस्तक कपाटात असतं.

कोणते पर्याय होते

पत्र बाजूला ठेवल्यावर आम्ही दोन-तीन बैठकांत पर्याय मांडले. यजमानही असायचे.

पहिला पर्याय नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मोकळीक दिली आहे, पण नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात अभ्यासाला वेळ देऊ, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं करू असं लिहून द्यावं लागतं. मॅडमनी विचारणा केली. उत्तर असं आलं की परवानगीचा विचार करता येईल, मात्र बदलीचं धोरण लागू राहील आणि रजेची हमी नाही. ज्याला एकाच गावात राहून वह्या वाचायच्या आहेत त्याला याचा उपयोग नव्हता. शिक्षक, प्राध्यापक किंवा बदली नसलेल्या नोकरीतल्या माणसाला मात्र मी आधी हाच रस्ता सुचवीन.

दुसरा पर्याय साठाव्या वर्षापर्यंत थांबायचा. पूर्ण पेन्शन, कसलीच जोखीम नाही. पण वह्यांना वाळवी लागत होती, आणि त्या काळाबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची होती. मॅडमच्या सासूबाईच ८१ वर्षांच्या. खड्डा मागावरचे शब्द, बाकी फेडण्याच्या पद्धती, सावकाराच्या पेढीवर कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दहा वर्षं थांबून ते मिळालं नसतं.

तिसरा पर्याय पदवीच्या नादी न लागता पुस्तक लिहायचं. याकडे लोक कमीपणाने बघतात, ते मला मान्य नाही. आपल्या भागात गावांचा, मंदिरांचा, घराण्यांचा उत्तम इतिहास पदवी नसलेल्या माणसांनी लिहिला आहे. नोकरीसाठी पदवी लागणार नसेल तर हा पर्याय खरोखर तोलून बघावा. मॅडमनी तो नाकारला त्याचं कारण मला पटलं: “मला कुणीतरी चुका दाखवणारं हवंय. एकटीनं लिहिलं तर मला वाटेल तेच मी खरं धरीन.”

चौथा पर्याय स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ पीएच.डी. तिकडेच कल होता. प्रश्न होता तारखेचा.

तारखांचा मेळ

या प्रकरणाचा सगळा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

बँकेची पूर्ण पेन्शन ३३ वर्षांच्या पात्र सेवेवर, शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला जास्तीत जास्त पाच वर्षांची सेवा वाढवून धरतात, एकूण ३३ च्या आत. मॅडमची सेवा जून २०२४ ला २७ वर्षं होणार होती, म्हणजे धरायची ३२. पेन्शन सरासरी पगाराच्या साधारण साडेअठ्ठेचाळीस टक्के. आणखी एक वर्ष थांबलं की २८ अधिक पाच, पूर्ण ३३. साहजिकच यजमान म्हणाले, “एक वर्षानं काय बिघडतंय? पुरं करूनच सोड की.”

बिघडणार होतं ते मार्गदर्शकाच्या बाजूने. मोडी वाचणारे, सावकारी आणि सहकार या विषयात रस असलेले मार्गदर्शक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत मिळाले. ते २०२७ च्या मध्यावर निवृत्त होणार होते. यूजीसीच्या नियमानुसार ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी अवधी उरला आहे त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आधी नोंदलेल्यांना मात्र ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात, आणि नंतर सत्तराव्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. म्हणजे २०२४ चा प्रवेश हुकला असता तर मॅडमची पेन्शन दीड टक्क्याने वाढली असती आणि मार्गदर्शक गेले असते.

घरी हा हिशेब कागदावर मांडल्यावर वाद मिटला. यातून शिकून मी येणाऱ्या प्रत्येकाला आता एकच गोष्ट सांगतो: तुमच्या सेवेची तारीख आणि मार्गदर्शकाच्या निवृत्तीची तारीख एका कागदावर लिहून आणा. तरुण विद्यार्थ्याचं एखादं वर्ष इकडेतिकडे झालं तरी चालतं. पन्नाशीत ती ढील नसते.

कोणतं विद्यापीठ

घरापासून राणी चन्नम्मा विद्यापीठ अगदी जवळ, भूतरामनहट्टीला. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठही पाऊण-एकशे किलोमीटरवर. कोल्हापूर त्याहून लांब, साधारण ११० किलोमीटर, आणि दुसऱ्या राज्यात. मॅडमना कन्नड उत्तम येतं, बँकेत सगळं इंग्रजीत चाले, तेव्हा भाषेची अडचण त्यांना कुठेच नव्हती. अडचण साधनांची होती. मोडीतल्या नोंदीचं वाचन चुकलं तर पुढचं सगळं अनुमान चुकतं, आणि ते वाचन मूळ कागदाशी ताडून बघणारा माणूस कोल्हापुरात होता. जनगणना, शिक्षण किंवा सरकारी योजनांवरचा विषय असता तर मी भूतरामनहट्टीच सांगितलं असतं, डोळे झाकून.

राज्य बदलण्याचा त्रास झालाच. मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या बहिःस्थ गुणपत्रिकेची पडताळणी. यात काही आठवडे गेले. हे कागद प्रवेश परीक्षेच्या आधीच जमवायला घ्यावेत.

प्रत्यक्ष काय केलं

२०२३ सालात नोकरी चालू असतानाच त्यांनी मोडी शिकून घेतली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, ते दोन्ही शनिवार वह्यांना दिले. एका शनिवारी मी बरोबर होतो. खतावणीचं एक पान उघडलं होतं, पावलीला एक उभी रेघ अशा जुन्या पद्धतीचे आकडे. मी अक्षरं लावत बसलो होतो. मॅडमनी अक्षरं अर्धी वाचली आणि आकड्यांवर बोट ठेवलं. कर्जखत शंभराचं, पण त्याच दिवशीच्या रोजमेळात नावे पडलेली रक्कम पंचाण्णव. मधले पाच मनोतीचे, म्हणजे कर्ज देतानाच कापून घेतलेले. व्याज दरमहा शेकडा एक रुपया. “सर, कागदावर बारा टक्के दिसतंय. पण कर्जदार बाईनं पंचाण्णव घेतले आणि वर्षानं एकशे बारा द्यायचे. हे जवळजवळ अठरा टक्के पडतं.” मग दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीत बाकी ओढताना व्याज मुद्दलात मिळवलेलं त्यांनी दाखवलं. इतिहासाचा एम.ए. झालेला तरुण त्या पानासमोर महिनाभर बसला असता. उशिरा येणारा विद्यार्थी काय घेऊन येतो, ते मला त्या दिवशी दिसलं, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत त्यांनी हेच पान समोर ठेवावं असं मी सांगितलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलाखत झाली. तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र आणि मार्गदर्शकांची लेखी संमती हातात आल्यावरच, मार्चच्या शेवटी, त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली. नोटिशीत पेन्शन नियमातलं कलम स्पष्ट लिहिलं. जूनअखेर त्या मोकळ्या झाल्या. पेन्शनच्या एक तृतीयांश भागाचं कम्युटेशन, म्हणजे त्याबदल्यात एकरकमी पैसे, घेऊन घराचं कर्ज फेडलं. ग्रॅच्युइटीतून मुलाच्या उरलेल्या फीची रक्कम आधी बाजूला काढली, उरलेली मुदत ठेवीत ठेवली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ती घालता आली नाही, कारण स्वेच्छानिवृत्तांनाही तिथे ५५ वर्षं पूर्ण लागतात.

सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता. “काय गे, एवढी मोठी नोकरी सोडून पोरांच्यात जाऊन बसणार?” असं त्या विचारत. मॅडम संशोधनासाठी त्यांचीच मुलाखत घ्यायला वही घेऊन समोर बसायला लागल्या तेव्हा विरोध गळाला. आता सासूबाईच शेजारच्या म्हाताऱ्यांना बोलावून आणतात.

कोर्सवर्कच्या काळात प्रवासाची एक घडी बसली. कर्नाटकच्या बसमधून निपाणीपर्यंत महिलांसाठीच्या शक्ती योजनेत प्रवास मोफत, पण ती सवलत राज्याच्या आतल्या गाड्यांनाच आहे. म्हणून निपाणीत उतरून महाराष्ट्राची एसटी पकडायची, तिथे महिलांना हद्दीच्या पुढे अर्धं तिकीट. वेळ जास्त जाई, पण महिन्याचा खर्च आवाक्यात राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरच्या प्रकरणावरून दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद झाल्या तेव्हा त्या कोल्हापुरात मैत्रिणीकडे अडकल्या. सीमाभागातल्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात एक मुक्कामाची जागा धरून ठेवावी, हे त्यानंतर ठरलं.

मधेच उभं राहिलेलं संकट

२०२५ च्या उन्हाळ्यात वह्यांच्या मालकांनी अचानक वह्या दाखवणं बंद केलं. भाऊबंदकीत जमिनीचा वाद सुरू झाला होता आणि वह्यांत गहाणखतांच्या नोंदी होत्या. त्यातच कुणीतरी सांगितलं की प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो आणि जगात कुणालाही वाचता येतो. ते खरंच आहे. पण हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. परवानगी तोंडी होती, चहा पिता पिता दिलेली.

मॅडमकडे तोवर निम्म्याहून जास्त पानांच्या नकला होत्या. त्या वापरता आल्या असत्या, कुणी अडवलं नसतं. त्यांनी वापरल्या नाहीत. संशोधन सल्लागार समितीसमोर सहामाही अहवालात त्यांनी परिस्थिती जशीच्या तशी मांडली आणि विषयाचा भार तात्पुरता एका जुन्या विणकर सोसायटीच्या इतिवृत्तांवर हलवला. काही महिन्यांनी मालकांच्या घरी परत गेल्या, या वेळी एका पानाचा मसुदा घेऊन. कोणत्या वह्या, १९२० पर्यंतच्याच नोंदी, कर्जदारांची नावं बदललेली, फोटो फक्त विद्यार्थिनी आणि मार्गदर्शकांकडे, प्रबंध शोधगंगेवर जाणार याची कल्पना, आणि एक छापील प्रत घरी. थोरल्या भावाने सही केली. धाकट्याने वाचून दोन दिवसांनी केली.

आजची स्थिती

मॅडम आता ५० ओलांडून पुढे आहेत. कोर्सवर्क पूर्ण झालं. प्रबंध मराठीत चालला आहे, पाचपैकी दोन प्रकरणांचा कच्चा मसुदा मार्गदर्शकांकडे गेला आहे. किमान तीन वर्षांची अट २०२७ मध्ये संपते, आणि मार्गदर्शकही तेव्हाच निवृत्त होतात. तोवर प्रबंध सादर होईल असं वाटत नाही. त्यामुळे सहमार्गदर्शक म्हणून ते राहतील आणि मुख्य मार्गदर्शक दुसरे, अशी व्यवस्था आत्ताच लावायला सुरुवात केली आहे. कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत. वेळ आहे, पण तो सगळा वापरायचा त्यांचा इरादा नाही.

घरचं उत्पन्न निम्म्यावर आलं. वर्कशॉपला मंदी आली त्या तिमाहीत ठेव मोडावी लागली. पुढची बढती गेली. शाखेतली वर्दळ सुटल्यावर पहिले काही महिने त्यांना फार एकटं वाटलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मुद्दाम लिहायला सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

वह्यांची लेखी परवानगी विषय नोंदवण्याआधी घ्यायला हवी होती. खासगी संग्रहावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्याच महिन्यात घ्यावी, शोधगंगेचा उल्लेख करून.

मुख्य मार्गदर्शक बदलणार हे प्रवेशाच्या दिवशीच दिसत होतं, तेव्हा दुसरं नाव सुरुवातीपासूनच सहमार्गदर्शक म्हणून जोडून घेता आलं असतं. तसं झालं असतं तर २०२७ मध्ये नवख्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं नसतं. मार्गदर्शकांनी तसं सुचवलं होतं. मॅडमना तेव्हा ते घाईचं वाटलं.

आरोग्य विम्याचा हिशेब कमी धरला गेला. निवृत्तांच्या गट विम्याचा हप्ता स्वतःला भरावा लागतो आणि तो पगारातून कपात होत नसल्यामुळे एकदम अंगावर येतो. वर्षाच्या खर्चात तो पहिल्या ओळीत लिहायला हवा होता, आता लिहिला आहे.

आणि मोडी? ती त्यांनी नोकरीत असतानाच शिकून घेतली हे फार बरं झालं. माझं मत असं की त्याआधीही एखादं वर्ष ती शिकायला घेता आली असती, म्हणजे सासूबाईंच्या मुलाखती आणि वह्या एकाच वेळी समोर आल्या असत्या. काही नोंदींतली पेढीची नावं सासूबाईंना ओळखीची निघाली, पण त्यांच्या दोन मैत्रिणी, ज्यांची घरं त्याच पेढीशी बांधलेली होती, त्या २०२३ मध्येच वारल्या. त्यांच्याकडून ऐकायचं होतं ते प्रकरण आता इतिवृत्तांवरूनच लिहिलं जाईल.